सुख ऊसबिलात मावत नाही



ऊसबिल बँकेत जमा झाले की घरात आनंद होतो. व्हायलाच हवा. बारा-पंधरा महिने राबून, रात्री जागून पाणी पाजून मिळवलेला तो पैसा असतो. पण सोसायटीचे कर्ज वळते झाले, खताची बाकी भागली, की महिनाभरात तोंडे पुन्हा उतरतात. शेजाऱ्याला एकरी दहा टन जास्त पडले, याचे दुःख तर वेगळेच! शिवारात फिरताना आम्ही हे नेहमी ऐकतो. मग टिकणारे सुख मिळते तरी कुठे?

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण घ्या. एके काळी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. माणूस हुशार, बोलणे रोखठोक. त्यांनी मनात आणले असते तर धंद्यात भरपूर कमावले असते. पण १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. लक्ष्मीबाई वहिनी त्या पोरांना स्वतः रांधून वाढत. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या, १९५९ साली कर्मवीर गेले. मागे सोनेनाणे राहिले नाही. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, चुलते त्यांच्या शाळांतून शिकले. ही कमाई कोणत्या काट्यावर तोलायची?

तुम्ही म्हणाल, साहेब, ती मोठी माणसे. आम्हा तीन एकरवाल्यांना हे कसे जमायचे? म्हणून आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका फडावर नऊ-दहा वर्षांची एक पोर काखेत धाकटा भाऊ घेऊन वाढे गोळा करत होती. खरे सांगायचे तर आम्ही तिच्याकडे पाहून पुढे गेलो. तोडणी वेळेवर झाली, गाड्या भरून निघाल्या, म्हणजे आमचे काम संपले, असे तेव्हा वाटे. पण त्या फडाचे मालक, जेमतेम तीन एकरांचे सभासद, थांबले. त्यांनी टोळीच्या मुकादमाला गाठले, दुसऱ्या दिवशी त्या कोपीवरची पाच पोरे घेऊन गावच्या शाळेत गेले. दाखले नव्हते, गुरुजींशी बोलून पोरांना वर्गात बसवले. धाकट्यांना सांभाळायला त्यांच्या आईने आपली ओसरी दिली. हंगामभर हे चालले.

पट्टा पडायच्या वेळी आम्ही त्यांना विचारले, "दादा, यातून तुम्हाला काय मिळाले?" ते हसून म्हणाले, "साहेब, सकाळी पोरं दप्तर घेऊन दारावरून जाताना हाक मारतात. त्या दिवशी भाकरी गोड लागते बघा."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या पोरीकडे पाहून पुढे गेलेले आपले पाय आठवत राहिले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे यात तुमचा पैसा लागत नाही, लागते ती सकाळची अर्धी घटका आणि थोडी माया.

तेव्हा येत्या हंगामात तोडणीची टोळी तुमच्या फडात उतरली की उसाबरोबर त्या कोप्यांकडेही एक फेरी मारा. शाळेच्या वयाची पोरे किती आहेत ते बघा आणि गावच्या गुरुजींना सांगा. अडचण आली तर आमच्या गटातील चिटबॉयकडे निरोप ठेवा. आम्ही स्वतः येऊ. या वेळी पाहून पुढे जाणार नाही.

बिल येईल, खर्चून जाईल. पोरांनी मारलेली हाक मात्र कुठल्याही कर्जात वळती होत नाही.