सोबागृहांतील शाकाहारी पाहुणा

शिक्षणास वा नोकरीस जपानांत गेलेल्या आपल्याकडील मुलामुलींना तेथील स्नेही मंडळी बहुधा एकच सल्ला देतात : "सोबा खा, त्यांत मांस नसतें." हा सल्ला सद्हेतूनें दिलेला असतो आणि तो अर्धा खराही आहे. उरलेल्या अर्ध्याविषयीं घरच्या मंडळींनींही जाणून घेतलेलें बरें.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब, करड्या शेवया. उत्तर हिंदुस्थानांत नवरात्राच्या उपवासाला ज्या पिठाच्या पुऱ्या करतात, तेंच हें पीठ. आपल्याकडे जें स्थान राजगिऱ्याचें व शिंगाड्याचें, तें तिकडे कुट्टूचें. वस्तुतः हें तृणधान्य नव्हेच. चुक्याच्या कुळांतील एका रोपाचें तें बीं आहे. थंड, निकस जमिनींतही अडीचेक महिन्यांत तें हातीं येतें. म्हणून जेथें भात नीट पिकत नाहीं अशा डोंगराळ मुलखाला त्याचा मोठा आधार. या पिठाला गव्हाचा चिकटपणा नाहीं. शेवया तुटूं नयेत यास्तव पुष्कळ ठिकाणीं आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहूं असें प्रमाण घेतात. एकादशीच्या दिवशीं या दोन भागांचा विसर पडूं देऊं नये!

सोबागृहांची परंपरा जुनी आहे. क्योतोतील 'ओवारिया' आपला आरंभ १४६५ सालचा सांगतें. टोकियोच्या कांदा विभागांतील (आपल्या कांद्याशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं) 'याबु सोबा' हें १८८० सालचें. त्याची जुनी लांकडी इमारत फेब्रुवारी २०१३ मध्यें आगींत सांपडली. पण ऑक्टोबर २०१४ मध्यें तें पुन्हा सुरू झालें.

थंड सोबा बांबूच्या चटईवर वाढतात. शेजारीं पेल्यांत काळसर रस, आणि बशींत कांद्याची पात व वासाबीची झणझणीत चटणी. काड्यांनीं थोड्या शेवया उचलाव्या, टोंक रसांत बुडवावें आणि खुशाल भुरका मारावा. आपल्याकडे कढीचा भुरका मारणाऱ्या आजोबांकडे सूनबाई डोळे वटारतात. तेथें भुरका न मारणाराच नवखा ठरतो. भुरक्यासरशीं कुट्टूचा सुवास नाकांत चढतो, असें तेथील रसिक सांगतात. नात्सुमे सोसेकी यांच्या, मांजराच्या तोंडून सांगितलेल्या प्रसिद्ध कादंबरींत तर एक गृहस्थ शेवईचा तिसरा हिस्साच रसांत बुडवावा, यावर ऐटींत व्याख्यान देतो.

खरी मेख आहे ती या रसांत. सोयाचा अर्क, साखर आणि मिरिन नांवाचें तांदळाचें गोड मद्य हीं त्यांत असतातच. पण त्याचा प्राण म्हणजे 'दाशी'. ती बहुधा कात्सुओबुशीची करतात. कात्सुओबुशी म्हणजे धुरावर सुकवून लांकडासारखा कठीण केलेला मासा. तो रंध्यावर किसून त्याचे पापुद्रे पाण्यांत उकळतात आणि गाळून काढतात. रसांत तुकडा दिसत नाहीं, आणि "मांस आहे काय?" असें विचारल्यास वाढपी प्रामाणिकपणें "नाहीं" म्हणूं शकतो, कारण जपानी भाषेंतील 'मांस' या शब्दांत मासा येत नाहीं. म्हणून प्रश्न मांसाचा न करतां दाशीचा करावा : ती कशाची आहे?

गरम सोबा त्या रसांतच बुडालेला असतो. तेव्हां तो टाळावा हें उत्तम. थंड सोब्याचा पेला निराळा असल्यानें तो बाजूस सारतां येतो, आणि शेवया मिठाशीं किंवा नुसत्या सोयाच्या अर्काशीं खातां येतात. कांहीं जाणकार तर पहिला घास मिठाशींच घेतात. बौद्ध मठांच्या शाकाहारी पाकपद्धतींत कोंबु नांवाची समुद्रवनस्पति आणि सुकीं अळंबीं यांची दाशी करतात. ती कोठें मिळाल्यास सोन्याहून पिवळें.

भोजनान्तीं 'सोबायु', म्हणजे शेवया उकडलेलें कढत, गढूळ पाणी येतें. लोक तें उरलेल्या रसांत ओतून पितात. पुरणाच्या डाळीचें पाणी फेंकून न देतां कटाची आमटी करणाऱ्या गृहिणीला त्याचें मर्म सांगावयास नको. शाकाहारी मनुष्यानें तें रस न घालतां प्यावें. मात्र ज्याला कुट्टू सोसत नाहीं, त्यानें चवीपुरतेंही धाडस करूं नये. त्याची बाधा कित्येकांस फार तीव्र होते.

३१ डिसेंबरच्या रात्रीं जुनें वर्ष ओलांडण्याचा सोबा खाण्याची तेथें चाल आहे, आणि त्या दिवशीं सोबागृहांत उभें राहण्यास जागा नसते. दाशीची चौकशी आदल्या आठवड्यांतच करून ठेवावी.