लहान राष्ट्राची कसोटी : आइसलंड

राष्ट्र कशानें बनतें, या प्रश्नाचीं उत्तरें राज्यशास्त्रज्ञांनीं नाना प्रकारें दिलीं आहेत. कोणी भूमि सांगतो, कोणी वंश, कोणी धर्म, तर कोणी समान इतिहास. देशांच्या सीमा जोंपर्यंत भक्कम होत्या आणि परक्यांचा सहवास क्वचित् घडे, तोंपर्यंत हीं उत्तरें पुरेशीं वाटत असत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भांडवल, माल, माणसें व बातम्या यांचा संचार जगभर इतका मोकळा झाला कीं, एखाद्या कुटुंबाचें अन्न, वस्त्र, करमणूक व चाकरी हीं चारहि परदेशांवर अवलंबून असणें नित्याचें होऊन बसलें. या स्थितीस जागतिकीकरण असें नांव पडलें. अशा काळांत राष्ट्राचें स्वतःचें म्हणून काय उरतें, हा प्रश्न मोठ्या राष्ट्रांना फारसा जाचत नाहीं. त्यांच्या लोकसंख्येंतच त्यांचें संरक्षण असतें. तो खरा जाचतो लहान राष्ट्रांना. म्हणून त्याचा विचार एखाद्या लहान राष्ट्राच्या उदाहरणानें करणें अधिक फलदायी होईल; आणि त्या दृष्टीनें आइसलंड या बेटाइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

उत्तर अटलांटिक महासागरांत, आर्क्टिक वृत्ताला जवळजवळ खेटून, हें बेट वसलेलें आहे. क्षेत्रफळ सुमारें एक लक्ष तीन हजार चौरस किलोमीटर. पण त्याचा बहुतेक अंतर्भाग हिमनद्या, लाव्हा व ओसाड माळ यांनीं व्यापलेला. लोकसंख्या चार लाखांहूनहि कमी, म्हणजे महाराष्ट्रांतील एखाद्या मध्यम शहरांत सहज मावेल इतकी. तरीहि हे लोक आपली लोकसभा, विद्यापीठ, न्यायालयें, नाट्यगृहें व नभोवाणी हीं सर्व आपल्याच भाषेंत चालवितात. नवव्या शतकांत मुख्यतः नॉर्वेहून आलेल्या दर्यावर्दी लोकांनीं तेथें वसाहत केली आणि इ. स. ९३० मध्यें थिंगवेट्लिर येथील उघड्या मैदानावर ‘आल्थिंग’ नांवाची लोकसभा भरविली. पुढें १२६२ च्या सुमारास हें बेट नॉर्वेच्या राजाच्या व नंतर डेन्मार्कच्या अमलाखालीं गेलें. १७८३ सालीं लाकी येथील ज्वालामुखीचा जो भयंकर उद्रेक झाला, त्यानें व त्यामागून आलेल्या दुष्काळानें सुमारें पंचमांश प्रजा मृत्युमुखीं पडली.

इतक्या विपत्तींतून या लोकांनीं एक वस्तु मात्र जवळजवळ अखंड राखली. ती म्हणजे त्यांची भाषा. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिचें मराठी आजच्या सामान्य वाचकास टीपांच्या आधारावांचून उलगडत नाहीं. त्याच तेराव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या आइसलंडी वीरकथा मात्र तेथील आजचा शाळकरी मुलगा, लेखनपद्धति थोडी आधुनिक करून दिली असतां, फारशा सायासावांचून वाचूं शकतो. सातशें वर्षांपूर्वींचा लेखक आणि आजचा वाचक यांच्यामध्यें भाषांतरकाराची गरज पडूं नये, हें भाग्य युरोपांतील फार थोड्या राष्ट्रांच्या वांट्याला आलें आहे.

परंतु हें केवळ भाग्य होतें, असें समजणें चुकीचें ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रेक्याविकच्या व्यापारपेठेंत डॅनिश भाषेचें इतकें वर्चस्व होतें कीं, रास्मुस रास्क या थोर डॅनिश भाषाशास्त्रज्ञानें १८१३ सालीं असें भाकित केलें कीं, आणखी शंभर वर्षांनीं रेक्याविकमध्यें आइसलंडी भाषा कोणास समजणारहि नाहीं. भाकित करून तो स्वस्थ बसला नाहीं. १८१६ सालीं आइसलंडी साहित्यमंडळाच्या स्थापनेस त्यानें हातभार लावला. पुढें १८३५ सालीं कोपनहेगन येथें शिकणाऱ्या चार आइसलंडी तरुणांनीं ‘फ्योल्निर’ नांवाचें नियतकालिक काढलें. त्यांपैकीं योनास हाल्ग्रिम्ससन हा कवि असून सृष्टिशास्त्राचाहि अभ्यासक होता. १८४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या खगोलशास्त्रावरील एका ग्रंथाच्या भाषांतरांत त्यानें गुरुत्वाकर्षणादि कल्पनांना शुद्ध देशी शब्द घडवून दिले, व त्यांतील कित्येक आजहि प्रचारांत आहेत. त्याचा जन्मदिवस, १६ नोव्हेंबर, हा १९९६ पासून ‘भाषादिन’ म्हणून पाळला जातो.

राजकीय चळवळ या भाषिक जागृतीच्या मागोमाग आली. योन सिगुर्डसन याच्या नेतृत्वाखालीं हक्कांची मागणी सनदशीर मार्गानें पुढें सरकत गेली. १८४५ सालीं आल्थिंग पुन्हा भरूं लागली, १८७४ सालीं राज्यघटना मिळाली, १९०४ सालीं अंतर्गत स्वराज्य आलें, १९१८ सालीं सार्वभौमत्व मान्य झालें आणि १७ जून १९४४ रोजीं, सिगुर्डसनच्याच जन्मदिनीं, थिंगवेट्लिर येथें प्रजासत्ताकाची घोषणा झाली. या सबंध लढ्यांत शस्त्राचा उपयोग झाला नाहीं. राष्ट्र म्हणून आपला दावा मांडतांना या लोकांनीं पुढें केलीं तीं जुनीं हस्तलिखितें आणि जिवंत बोली.

या हस्तलिखितांचीहि एक कथा आहे. आरनी माग्नूसन या विद्वानानें सतराव्या व अठराव्या शतकांच्या संधिकालांत शेतकऱ्यांच्या घरोघर फिरून जुनीं चर्मपत्रें गोळा केलीं व कोपनहेगनला नेलीं. १७२८ च्या आगींत त्यांचा कांहीं भाग नष्ट झाला; उरलेला संग्रह डेन्मार्कमध्यें राहिला. स्वातंत्र्यानंतर आइसलंडनें तो परत मागितला. राज्यकर्त्या राष्ट्रांनीं असले ठेवे सहसा परत केलेले नाहींत. परंतु डेन्मार्कच्या पार्लमेंटनें १९६१ मध्यें व पुन्हा १९६५ मध्यें अनुकूल कायदा केला, आणि २१ एप्रिल १९७१ रोजीं पहिलीं दोन हस्तलिखितें डॅनिश नौदलाच्या जहाजांतून रेक्याविकला पोंचलीं. त्यांच्या स्वागतास बंदरावर हजारों लोक लोटले होते. १९९७ पर्यंत सुमारें अठराशें हस्तलिखितें मायदेशीं आलीं.

नवीन वस्तूंना नांवें कशीं द्यावींत, हा प्रश्न प्रत्येक भाषेपुढें असतो; आइसलंडी भाषेनें त्यासाठीं दोन मार्ग पत्करले. पहिला मार्ग विस्मृत शब्दास नवा अर्थ देण्याचा. ‘सीमी’ म्हणजे जुन्या भाषेंत सूत किंवा दोरा. टेलिफोन आला तेव्हां तोच शब्द त्यास लावण्यांत आला. पूर्वीं खिडकीस कांचेऐवजीं जनावराच्या पोटांतील पातळ पडदा लावीत; त्या खिडकीचें नांव आतां यंत्राच्या पडद्यास मिळालें आहे. दुसरा मार्ग जोडशब्दांचा. विजेसाठीं ‘राफमाग्न’, म्हणजे तृणमण्याची शक्ति. संगणकासाठीं ‘तोल्वा’, यांत अंकवाचक ‘ताला’ आणि भविष्य सांगणारी स्त्री या अर्थाचा ‘व्होल्वा’ हे दोन शब्द मिसळले असून तो घडविण्याचें श्रेय सिगुर्डुर नॉर्दाल या पंडितास दिलें जातें. या उद्योगाच्या मुळाशीं केवळ अभिमान नाहीं, व्याकरणाचीहि निकड आहे. आइसलंडी नामें चार विभक्तींत चालतात. परकीय शब्द त्या चौकटींत बसला नाहीं तर वाक्यच अडखळतें.

तथापि मंडळानें सुचविलेला प्रत्येक शब्द लोकांनीं स्वीकारला, असें मात्र नाहीं. मोटारीसाठीं सुचविलेला भारदस्त शब्द कायद्याच्या कागदांत राहिला आणि बोलण्यांत ‘ऑटोमोबिल’चें शेपूट तोडून केलेला ‘बिल्’ हा आटोपशीर शब्द रुळला. महाराष्ट्रालाहि हा अनुभव नवा नाहीं. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राज्यव्यवहारकोश रचून फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतील थोडेच लोकांच्या तोंडीं बसले. उलट स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळींतून आलेला ‘महापौर’ हा शब्द असा रूढ झाला कीं, तो नवा होता हेंहि लोक विसरले. शब्दास जन्म देणारा पंडित असला तरी त्यास आयुष्य देणारा समाज असतो, हा धडा दोन्हींकडे सारखाच आहे.

परकीय प्रभावाची पहिली मोठी लाट या बेटावर दुसऱ्या महायुद्धांत आली. मे १९४० मध्यें ब्रिटिश सैन्य उतरलें. १९४१ मध्यें त्याची जागा अमेरिकन सैन्यानें घेण्यास आरंभ केला. युद्धोत्तर काळांत केफ्लाविक येथें अमेरिकन तळ स्थिरावला व तो २००६ पर्यंत राहिला. या तळावरून सैनिकांसाठीं होणारें इंग्रजी दूरचित्रवाणीचें प्रक्षेपण आसपासच्या घरांतहि दिसूं लागलें. तेव्हां देशांत स्वतःची दूरचित्रवाणी नव्हतीच. १९६४ सालीं साठ नामवंत नागरिकांनीं याविरुद्ध लोकसभेकडे निवेदन धाडलें, आणि १९६६ सालीं राष्ट्रीय दूरचित्रवाणी सुरू झाली. गंमत अशी कीं, १९८७ पर्यंत दर गुरुवारीं ती बंद असे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, परकीय वाणीस खरें उत्तर मिळालें तें स्वतःची वाणी उभी करून.

मग हें राष्ट्र जगापासून अलग राहिलें काय? मुळींच नाहीं. त्याची उपजीविकाच परदेशी व्यापारावर चालते. मासे विकले नाहींत तर धान्य येत नाहीं. म्हणूनच मासेमारीची आपली सागरी हद्द त्यानें १९५८ मध्यें बारा, १९७२ मध्यें पन्नास आणि १९७५ मध्यें दोनशें सागरी मैलांपर्यंत वाढविली, व त्यापायीं ब्रिटनसारख्या प्रबळ राष्ट्राशीं समुद्रावर झटापटी केल्या. १९९४ पासून तें युरोपीय आर्थिक क्षेत्रांत सामील आहे. युरोपीय संघाच्या सभासदत्वासाठीं मात्र २००९ सालीं केलेल्या अर्जाचा पाठपुरावा त्यानें पुढें सोडून दिला. खुल्या भांडवलाचा कडू अनुभवहि त्याच्या पदरीं आहे. परदेशी कर्जावर फुगलेल्या त्याच्या तीन मोठ्या बँका ऑक्टोबर २००८ मध्यें आठवड्याभरांत कोसळल्या. जागतिकीकरणाचा लाभ लहान राष्ट्रास लवकर होतो, पण त्याचा आघातहि त्यास झेंपेपलीकडचा असतो, हें त्या आठवड्यानें दाखविलें.

त्यानंतरचें आव्हान अधिक सौम्य रूपानें आलें, म्हणूनच तें अधिक अवघड आहे. २०१० सालीं सुमारें पांच लाख प्रवासी या देशीं आले होते. २०१८ सालीं ती संख्या तेवीस लाखांवर गेली. त्यांच्या सरबराईसाठीं व बांधकामांसाठीं परदेशांतून, विशेषतः पोलंडमधून, कामकरी आले. आज दर सहा रहिवाशांमागें एकाहून अधिक परदेशांत जन्मलेला आहे. हॉटेलांत व दुकानांत इंग्रजीवर भागतें. एखादा नवागत मोडक्यातोडक्या आइसलंडी भाषेंत बोलूं लागला, तर समोरचा मनुष्य पुष्कळदां सौजन्यानें इंग्रजींत उत्तर देतो, आणि त्या सौजन्यानेंच शिकणाऱ्याची वाट अडते. जी भाषा शुद्ध राखण्याचा इतका आग्रह, ती चुकत बोलणाऱ्यास आपलें म्हणावें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर त्या समाजास आतां द्यावें लागत आहे.

या बाबतींत कायद्यानें कांहीं पावलें टाकलीं आहेत. एके काळीं नागरिकत्व घेणाऱ्या परदेशीयास आइसलंडी नांव धारण करावें लागे. ही अट १९९६ च्या कायद्यानें काढून टाकली. मुलांचीं नवीं नांवें तपासणारी समिति १९९१ पासून आहे, परंतु अमुक नांव मुलाचें व अमुक मुलीचें हें बंधन २०१९ सालीं शिथिल झालें. २०११ सालीं आइसलंडी भाषेस कायद्यानें राष्ट्रभाषेचें स्थान देण्यांत आलें, तेव्हां त्याच कायद्यानें बहिऱ्यांच्या आइसलंडी खुणांच्या भाषेसहि मान्यता दिली. भाषेचा अभिमान आणि दुबळ्यांविषयीं आस्था यांचा मेळ बसूं शकतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

सर्वांत नवें संकट यंत्रांचें आहे. मुलें ज्या यंत्रांशीं बोलतात, खेळतात व ज्यांना प्रश्न विचारतात, तीं यंत्रें इंग्रजी जाणतात. २०१२ सालीं युरोपांतील भाषांची जी पाहणी झाली, तींत संगणकीय साधनांच्या बाबतींत अत्यंत दुर्बल ठरलेल्या भाषांत आइसलंडीचा समावेश होता. चार लाख ग्राहकांसाठीं भाषा शिकविण्याचा खर्च कोणती कंपनी सुखासुखीं करील? म्हणून सरकारनें स्वखर्चानें शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणें व भाषांतराचीं साधनें तयार करण्याची योजना हातीं घेतली. २०२२ सालीं राष्ट्राध्यक्ष स्वतः शिष्टमंडळासह अमेरिकेंतील कंपन्यांकडे गेले, आणि २०२३ सालीं कृत्रिम बुद्धीच्या एका प्रमुख यंत्रास आइसलंडी शिकविण्याचा करार जाहीर झाला. ज्या राष्ट्रानें एके काळीं हस्तलिखितें परत मागितलीं, त्यासच आतां आपली भाषा परक्यांच्या यंत्रांत शिरावी म्हणून आर्जव करावें लागलें. दोहोंमागील हेतु एकच आहे.

या सर्व वृत्तान्तावरून एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, जगाशीं संबंध आल्यानें राष्ट्रीयत्व आपोआप नष्ट होत नाहीं, आणि दारें लावून घेतल्यानें तें टिकतही नाहीं. रास्कच्या भाकिताला आतां दोनशें वर्षें उलटून गेलीं. रेक्याविकमध्यें आजहि आइसलंडी बोलली जाते. तें भाकित खोटें ठरलें, कारण तें ऐकून लोक कामाला लागले. पुढील शतकाचा निकाल मात्र पंडितांच्या समित्यांपेक्षां अगदीं साध्या ठिकाणीं लागेल: पोलिश आईबापांच्या पोटीं रेक्याविकमध्यें जन्मलेलें मूल शाळेच्या अंगणांत कोणत्या भाषेंत भांडतें व खेळतें, आणि त्यानें आइसलंडींत चुकत विचारलेल्या प्रश्नाला दुकानदार कोणत्या भाषेंत उत्तर देतो, यावर तो अवलंबून राहील.