पंडुरोगाचे मूळ मातीत

थोडे काम केले की धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ओठ व नखे पांढुरकी पडणे ही लक्षणे आपल्या कष्टकरी स्त्रिया ‘कामाचा शीण’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. याचे खापर अपुऱ्या आहारावर फोडले जाते व ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु रक्त कमी तयार होणे ही एक गोष्ट आणि तयार झालेले रक्त आतल्या आत वाहून जाणे ही दुसरी. या दुसऱ्या कारणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अंकुशकृमी हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा जंत. उघड्यावरील विष्ठेतून त्याची अंडी जमिनीत मिसळतात. उबदार, ओलसर, सावलीच्या मातीत त्यांच्या अळ्या होतात व अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशात व शेवटी लहान आतड्यात पोहोचून हे कृमी अस्तराला चिकटतात आणि रक्त शोषतात. जातीपरत्वे एका कृमीमुळे दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त जाते. शंभर कृमी असले, तर कमीत कमी हिशेबानेही महिन्याला ९० मिलिलिटर! आपल्या कुळागरांतील सावली व ओल या अळ्यांना मानवणारीच आहे.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. उपक्रम स्तुत्यच आहे. पण गोल जंतांचा भार मुलांत अधिक असतो, तर अंकुशकृमींचा भार बहुधा वयाबरोबर वाढतो. म्हणजे पोफळीच्या बागेत अनवाणी राबणारी चाळिशीतील बाई धोक्यात आहे, मोहिमेत मात्र नाही. तिला नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

सबब, पंडुरोगी कष्टकऱ्यांची मलतपासणी आरोग्य केंद्रांत नेमाने व्हावी आणि कृमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतनाशक दिले जावे. गोळीने पोटातील कृमी मरतात, मातीतील अळ्या नव्हेत; म्हणून घरोघर शौचालयाचा वापर आणि कामाच्या जागी पायांत पादत्राण हवेच. भाटकारांनी आपल्या कामकऱ्यांना पावसाळ्यापूर्वी गमबूट पुरवावेत. बागेच्या उत्पन्नापुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि ज्यांच्या श्रमावर ती बाग उभी आहे, त्यांच्या रक्ताचे मोल त्याहून खचितच अधिक आहे.