बडी अम्मांची अमानत

बडी अम्मांना जाऊन चाळीस दिवस झाले. चाळिसाव्याची फातेहा आटोपल्यावर आम्ही नातवंडे किल्ल्या घेऊन दुकानात उतरलो. कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा उभा होता. तो पाहून सगळेच गप्प झालो. त्या तानपुऱ्याची हकीकत सांगितल्याशिवाय आमच्या बडी अम्मा कुणाला कळायच्या नाहीत.

आमचे घर मिरजेचे, व्यवसाय तंतुवाद्यांचा. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावायचे काम सोडून सतारी घडवायला सुरुवात केली आणि गावाला नवा हुन्नर मिळाला. आमचे दादा त्याच गल्लीत कारागिरी शिकले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, तेव्हा आपण पाळण्यात होतो, असे बडी अम्मा सांगत. खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथे गाणे होई, तेव्हा बडी अम्मा बायकांच्या बाजूला बसून ऐकत. स्वतः मात्र चारचौघांत कधी गायल्या नाहीत. घरात पाळण्यापाशी त्यांचा आवाज असा लागे, की रडणारे मूल राहायचे बाजूला, आम्हीच ऐकत बसायचो.

दादा अचानक गेले तेव्हा घरात चार मुले होती आणि माळ्यावर भोपळे वाळत पडले होते. पंढरपूरकडून येणारे हे भोपळे कडू. खायच्या कामाचे नाहीत, पण वाळले की सुरांना घर देतात. इद्दत पुरी झाली आणि बडी अम्मा दुकानात येऊन बसल्या. भोपळे निवडणे, ते आतून साफ करणे ही कामे त्यांना येत होतीच. अडचण होती जवारीची. घोडी कानसेने घासायची, तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा आणि सूर उमलेपर्यंत ऐकत राहायचे. हे काम हातापेक्षा कानाचे. दादा करत असताना त्या पडद्याआड वर्षानुवर्षे ऐकत आल्या होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी तीन घोड्या बिघडवल्या. चौथी बोलली.

फजरची नमाज, मग कुराणाची तिलावत, मग दुकान. अजान झाली की छेडलेल्या तारेवर हात ठेवून ती थांबवत. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी एकदा सुनावले, "बाजे बेचनेकी कमाई में बरकत नहीं." घरातही यावर दोन मते होती, आजही आहेत. बडी अम्मांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या, "चचाजान, मैं मेहनत बेचती हूँ. तोल में खोट दिखी तो बोलो." त्यानंतरही त्या बुजुर्गांच्या घरी ईदचा शीरखुर्मा आधी जात असे.

आता त्या तानपुऱ्याविषयी. एका गृहस्थांनी मुलीसाठी तो सांगितला, निम्मे पैसे दिले, आणि परत आलेच नाहीत. पत्ता बदललेला, पत्रे परत आली. वर्षे गेली. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले, गिऱ्हाईक कमी झाले, आणि नेमके त्याच सुमारास चाचांचे ऑपरेशन निघाले. एक गायक त्या तानपुऱ्याला दुप्पट किंमत द्यायला तयार होते. घरातले सगळे म्हणाले, देऊन टाका, त्यांना पुढे दुसरा बनवून देऊ. बडी अम्मा म्हणाल्या, "वो अमानत है. मेरी चीज बेचो." आणि हातातल्या पाटल्या काढून ठेवल्या.

चाचा बरे झाले, अल्लाहचा शुक्र. पण तेव्हा आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो, हे इथे कबूल केले पाहिजे. पाटल्या मोडूनही पैसे पुरले नाहीत, उसनवारी करावी लागली. माणसाच्या जिवापुढे लाकूड-भोपळ्याचे काय एवढे, असे आमच्यापैकी काहींना आजही वाटते. बडी अम्मा मात्र दर महिन्याला तो तानपुरा पुसत, सुरात लावत आणि तारा सैल करून ठेवत.

२०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी विचारले, "कारागिरांची मजुरी बढी क्या?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुकान विकायचे की ठेवायचे, हा विषय त्या चाळिसाव्याच्या दिवशी निघणारच होता, आणि निघाला. जागेला भाव चांगला आहे. वही उघडली, तर शेवटच्या पानावर तीनच ओळी होत्या. कुणाचे किती देणे आहे, यंदाच्या जकातीचे किती उरले, आणि 'तानपुरा: निम्मे पैसे जमा.'

धाकट्या बहिणीने गवसणी काढली, खुंट्या पिळल्या, तारेखालचा धागा बोटाने सरकवला. जवारी तिने बडी अम्मांजवळ बसूनच शिकली होती. सूर लागला तेव्हा चाचांनी डोळे पुसले आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या. दुकान किती दिवस चालेल, अल्लाह जाणे. पण मालक आला, तर त्याचा तानपुरा सुरात मिळेल.