बंदुकीकडून मतपेटीकडे : ही वाट कोणाला खुली करावी?

१९८७ च्या सुरुवातीला, अवघ्या महिनाभराच्या अंतराने, देशाच्या दोन टोकांना विधानसभेच्या निवडणुका झाल्या. फेब्रुवारीत मिझोरममध्ये आणि मार्चमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये. मिझोरममध्ये वर्षभरापूर्वीपर्यंत सरकारशी लढणारी माणसे उमेदवार म्हणून लोकांसमोर आली. काश्मीरमध्ये मात्र त्या निवडणुकीत उमेदवार आणि कार्यकर्ते म्हणून राबलेल्या काहींनी पुढच्या दोन-तीन वर्षांत बंदुका उचलल्या.

अतिरेक्यांना निवडणूक लढवू द्यावी का, असा विषय घरात निघाला, की बहुतेकांचे उत्तर तयार असते : ज्यांचे हात रक्ताने माखलेत, त्यांनी मते कोणत्या तोंडाने मागायची? हा राग खोटा नाही. पण नुसत्या रागाने उत्तर द्यायचे, तर मिझोरममध्ये जे घडले ते कधीच घडले नसते.

उंदरांपासून सुरू झालेले बंड

मिझोरमच्या डोंगरांत 'मौतम' नावाचे संकट साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी येते. बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो, त्याची फळे खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतेच्या शेते फस्त करतात. १९५९ मध्ये असेच झाले. मिझोरम तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. वडीलधाऱ्यांनी दिलेला इशारा सरकारने मनावर घेतला नाही आणि दुष्काळ पडला. गावोगाव तांदूळ पोहोचवण्यासाठी तरुणांनी संघटना काढली. तिचा पुढारी होता लालडेंगा, पूर्वी सैन्यात नोकरी केलेला एक कारकून. १९६१ मध्ये याच संघटनेचा 'मिझो नॅशनल फ्रंट' हा राजकीय पक्ष झाला आणि १ मार्च १९६६ रोजी त्याने भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केले.

सरकारने आपल्याच देशातल्या ऐजॉल गावावर हवाई दलाची विमाने पाठवली. पुढच्या वर्षापासून शेकडो खेडी उठवून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत आणून बसवले गेले आणि मागे राहिलेली घरे जाळली गेली, बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून. बंडखोरही मागे नव्हते. जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी ऐजॉलमध्ये पोलीस मुख्यालयात शिरून तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. मधल्या मध्ये सापडला तो सामान्य मिझो माणूस. दिवसा लष्कराची झडती, रात्री बंडखोरांची मागणी. वीस वर्षे हे चालले.

३० जून १९८६ रोजी दिल्लीत करार झाला. त्यावर लालडेंगा यांच्याबरोबर सही होती केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची. महाराष्ट्र केडरचे हे अधिकारी त्याच दिवशी निवृत्त होत होते. (मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे अध्यक्ष पुढे हेच होते.) करारातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी संघटनेच्या लोकांनी जंगलातून बाहेर यायचे, शस्त्रे आणि दारूगोळा जमा करायचा. संघटनेच्या घटनेतून स्वतंत्र देशाची मागणी काढून ती कायद्याशी जुळवून घ्यायची. त्रिपुरा किंवा मणिपूरमधल्या बंडखोरांना मदत करायची नाही. मगच पूर्ण राज्याचा दर्जा आणि निवडणूक.

दुसऱ्या बाजूनेही काही सोडावे लागले. काँग्रेसचे लाल थनहॉला मुख्यमंत्री होते, लोकांनी निवडून दिलेले. त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि ज्याच्याविरुद्ध राजकारण केले, त्या लालडेंगांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. असा त्याग आपल्या राजकारणात किती वेळा दिसतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

फेब्रुवारी १९८७ मध्ये लालडेंगांच्या उमेदवारांनी चाळीसपैकी चोवीस जागा जिंकल्या. पण खरी परीक्षा जिंकण्यात नसते. पुढच्याच वर्षी पक्षात फूट पडून सरकार कोसळले, राष्ट्रपती राजवट आली आणि १९८९ च्या निवडणुकीत पक्ष हरला. वीस वर्षे जंगलात काढलेली माणसे विरोधी बाकांवर जाऊन बसली. कोणी पुन्हा जंगलात गेले नाही.

मारले गेले त्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. ज्या घरातला कर्ता पोलीस अधिकारी गेला, त्या घराने मारेकऱ्यांच्या संघटनेला मंत्रालयात बसलेले पाहायचे. ज्यांची घरे सरकारने जाळली, त्यांनी त्याच सरकारशी झालेला समेट पाहायचा. हा हिशेब कोणत्याही कराराने नीट मिटत नाही. शांततेची ही किंमत काही कुटुंबांनी इतरांसाठी मोजली, हे कबूल करायला हवे.

हत्यार ठेवून मत मागितले तर

आता गाझाकडे पाहा. पॅलेस्टाईनच्या निवडणुकांसंबंधी १९९५ च्या ओस्लो करारात एक अट होती : बेकायदा किंवा लोकशाहीविरोधी मार्गाने आपले उद्दिष्ट साधू पाहणाऱ्या पक्षांना उमेदवारी मिळू नये. जानेवारी २००६ मध्ये हमासला या अटीकडे काणाडोळा करून निवडणूक लढवू दिली गेली. शस्त्रे तिच्याकडेच होती. हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. त्यावर पाश्चात्त्य देशांनी मदत रोखून निकालालाच नकार दिला, म्हणजे आधी अट पाळायला लावली नाही आणि मग निकाल मानला नाही. जून २००७ मध्ये हमासने बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतला. त्यानंतर सोळा वर्षे, ऑक्टोबर २०२३ चे युद्ध पेटेपर्यंत, तिथल्या लोकांना कायदेमंडळासाठी पुन्हा मत देण्याची संधी मिळाली नाही. त्या दिवशी गाझात मतदानाच्या वयाचीही नसलेली मुले मोठी झाली, तरी त्यांना मतपत्रिका कशी असते हे ठाऊक नव्हते.

नेपाळने मधली वाट काढली. २००६ च्या शांतता करारानंतर माओवाद्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली लोखंडी कंटेनरमध्ये बंद झाली, पण किल्ल्या माओवाद्यांकडेच राहिल्या. २००८ मध्ये ते सर्वांत मोठा पक्ष झाले. त्यांच्या तरुण संघटनेच्या दंडेलीच्या तक्रारी त्या निवडणुकीत पुष्कळ झाल्या. २०१३ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर घसरले, आणि गैरप्रकाराची ओरड करून का होईना, संविधान सभेत येऊन बसले.

आणि काश्मीर

हत्यार आधी टाकायला लावा, हे एक झाले. पण ते टाकणाऱ्याला खरीखुरी निवडणूक मिळाली पाहिजे, हे दुसरे. मार्च १९८७ मध्ये श्रीनगरच्या अमीरा कदल मतदारसंघात मुस्लीम युनायटेड फ्रंटतर्फे महंमद युसुफ शाह उभा होता. त्या निवडणुकीत मोठे गैरप्रकार झाल्याचे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. शाहला पराभूत घोषित करून तुरुंगात टाकण्यात आले. हाच शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन नावाने हिजबुल मुजाहिदीनचा प्रमुख झाला. त्याच्या प्रचारात राबणारा यासिन मलिक शस्त्र हाती घेणाऱ्या पहिल्या तरुणांत होता. या एका निवडणुकीने दहशतवाद जन्माला घातला, असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. पाकिस्तानातून आलेला पैसा आणि शस्त्रे नसती, तर तो इतका फोफावला नसता. निरपराधांच्या हत्येला फसवलेली मतमोजणी हे समर्थन तर मुळीच होऊ शकत नाही. मात्र ज्यांना मतपेटीवर विश्वास ठेवा असे सांगायचे, त्यांच्यासमोर ती मतपेटी फोडायची नसते.

आपला कायदा या बाबतीत वाटतो तितका ढिला नाही. प्रत्येक उमेदवाराला देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ अर्ज भरतानाच घ्यावी लागते. पक्षाची नोंदणी करतानाही राज्यघटनेवरील निष्ठा लिहून द्यावी लागते. उमेदवार अपात्र ठरतो तो न्यायालयाने दोषी ठरवल्यावर, नुसत्या आरोपावरून नाही. म्हणूनच २०२४ मध्ये तिहार तुरुंगातील इंजिनीयर रशीद बारामुल्लातून आणि दिब्रुगडच्या तुरुंगातील अमृतपाल सिंग खडूर साहिबमधून लोकसभेवर निवडून येऊ शकले. अनेकांना हे खटकले. पण नुसत्या आरोपावर उमेदवारी रोखता आली, तर उद्या कोणत्याही सरकारला विरोधक संपवायला एक पोलीस ठाणे पुरेल. त्यापेक्षा खटले लवकर निकाली काढावेत.

मिझोरममध्ये बांबू पुन्हा फुलला तो २००७ च्या सुमारास. त्या वेळी मुख्यमंत्री होते झोरमथांगा, भूमिगत काळातले लालडेंगांचे सचिव. दुष्काळातून जन्मलेला पक्ष सत्तेवर असताना पुन्हा उंदीर आले, पिके गेली, मदतीच्या वाटपावर टीका झाली आणि २००८ मध्ये मतदारांनी त्या पक्षाला चाळीसपैकी तीन जागा दिल्या. दहा वर्षांनी त्याच मतदारांनी झोरमथांगांना परत बोलावले. २०२३ मध्ये पुन्हा घरी पाठवले. रविवार ख्रिस्ती मिझोंचा प्रार्थनेचा दिवस, म्हणून मतमोजणी एक दिवस पुढे ढकलून सोमवारी, ४ डिसेंबरला घेण्यात आली. झोरमथांगा स्वतःच्या मतदारसंघातही हरले होते. त्याच दिवशी त्यांनी राज्यपालांकडे जाऊन राजीनामा दिला.