संग्रहालयातील विशेष दिवस आणि कुटुंबरूपी प्रेक्षक

वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीत ज्या दिवशीची प्रेक्षकसंख्या इतर दिवसांहून एकदम वर चढलेली दिसते, तो दिवस बहुधा एखाद्या सणाचा वा विशेष कार्यक्रमाचा असतो. त्या दिवशी प्रवेशमूल्य माफ असते, दालनांतून माहितगाराबरोबर फेऱ्या निघतात, अंगणात मातीकाम व चित्रकला चालते आणि एरवी शांत असणाऱ्या वास्तूत लहान मुलांचा कलकलाट भरून राहतो. संग्रहालयाचे खरे कार्य म्हणजे संग्रह, जतन व संशोधन, आणि असा दिवस म्हणजे त्या कार्याला बाहेरून जोडलेली करमणूक, अशी समजूत विद्वानांतही आढळते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कारण एकट्या अभ्यासकासाठी मांडलेली वस्तू आजोबा, आई व सात वर्षांचे मूल अशा तिघांपुढे एकाच वेळी आली म्हणजे तिचे काय होते, याची परीक्षा या दिवशी होत असते.

सणासुदीच्या दिवशी संग्रहालय उघडे ठेवावे की नाही, हा प्रश्न एके काळी मोठ्या वादाचा होता. ब्रिटिश म्युझियमचे प्रमुख ग्रंथपाल सर हेन्री एलिस यांनी १८३५ साली संसदीय समितीपुढे साक्ष देताना अशा खुलेपणास स्पष्ट विरोध केला. सुटीच्या दिवशी शहरातील उपद्रवी लोक बाहेर पडलेले असतात, गोदीवरील खलाशी व त्यांच्या सोबतच्या मुली यांच्या गर्दीत वरच्या वर्गातील प्रेक्षकांना येणे रुचणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तथापि १८३७ च्या ईस्टर सोमवारी दरवाजे उघडले तेव्हा वीस हजारांहून अधिक माणसे आली, आणि ज्या नासधुसीची धास्ती बाळगली गेली होती ती झाली नाही. एलिस यांची भीती वस्तूंसाठी किती आणि प्रतिष्ठेसाठी किती होती, हे त्यांच्या साक्षीवरूनच पुरेसे उघड होते.

पुढे १८५७ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात हेन्री कोल यांनी गॅसचे दिवे लावून रात्रीही दालने खुली ठेवली. दिवसभर राबणाऱ्या कारागिराने संध्याकाळी बायकामुलांसह मद्यगृहाऐवजी संग्रहालयात यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यात उपदेशाचा सूर आहे हे खरे. परंतु प्रेक्षक हा कुटुंबासह येणारा माणूस असून त्याची सवड पाहून संग्रहालयाने आपली वेळ ठरवावी, ही दृष्टी मोलाची होती. तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळण्यास शतक लोटले. युनेस्कोने १९६० साली केलेल्या शिफारशीत संग्रहालये सर्वांना सुलभ व्हावीत, शक्य तेथे प्रवेश विनामूल्य असावा आणि तसे नसल्यास आठवड्यातून निदान एक दिवस तो तसा असावा, असे सुचविण्यात आले. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १९७७ मध्ये मॉस्को येथील अधिवेशनात वार्षिक संग्रहालय दिनाचा ठराव केला. १८ मे हा दिवस जगभर पाळला जातो तो या ठरावास अनुसरून.

या सर्व ठरावांच्या पुष्कळ आधी भारतात एका ठिकाणी लोकांनीच असा दिवस निर्माण केला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शासकीय संग्रहालयात पोंगलच्या अखेरच्या दिवशी, काणुम पोंगलला, गावोगावची कुटुंबे लोटत असत. 'काणुम' या शब्दातच पाहण्याचा अर्थ आहे; आप्तांना भेटावे, नवलाची ठिकाणे पाहावीत, असा तो दिवस. १८८५ ते १९०८ या काळात संग्रहालयाचे प्रमुख असलेल्या एडगर थर्स्टन यांनाही या गर्दीचे मोठे कुतूहल होते. 'अजबखाना' पाहायला आलेला अडाणी समाज, असा या प्रेक्षकांचा उल्लेख करण्याची प्रथा पुष्कळ दिवस चालली. परंतु देवदर्शन, जत्रा व संग्रहालय या तिन्ही ठिकाणी सहकुटुंब जाणाऱ्या माणसाची पाहण्याची एक रीत असते. तो थांबतो, सोबतच्याला दाखवितो आणि आपल्या ओळखीच्या वस्तूशी समोरच्या वस्तूची तुलना करतो. ही रीत अज्ञानाची नव्हे. संग्रहालयाने तिचा उपयोग करून घेतला नाही, इतकेच.

मुंबईत या प्रश्नाचा विचार करण्यास दोन वास्तू विशेष सोयीच्या आहेत. पैकी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेली ही इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. याच आवारात २०१९ साली जुन्या गोरखचिंचेच्या झाडालगत मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. दुसरी वास्तू भायखळ्याची. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे तिचे नाव १९७५ पासूनचे. १८७२ साली ती उघडली तेव्हा नाव 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' असे होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील संग्रहालयाला हे नाव १८९९ मध्ये मिळाले, म्हणजे या बाबतीत मुंबई पुढे होती. या वास्तूच्या उभारणीसाठी डॉ. भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट यांनी नागरिकांकडून निधी जमविला. २००३ नंतर तिचा जीर्णोद्धार झाला आणि २००८ च्या आरंभी ती पुन्हा खुली झाली.

भायखळ्याच्या संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शेजारात आहे. ते राणीच्या बागेत, प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. हत्ती-माकडे पाहण्यास निघालेले कुटुंब उन्हाने त्रासून आत शिरते. म्हणजे हा प्रेक्षक संग्रहालयासाठी घरून निघालेलाच नसतो. अशा प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे साधन तेथे दारातच आहे. घारापुरीचा जो दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तोच हत्ती संग्रहालयाजवळच्या बागेत उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत, उचलताना, कोसळून त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. विशेष दिवसाच्या कार्यक्रमासाठी यापेक्षा चांगला विषय शोधून मिळणार नाही. मुलांनी दगडातील सांधे हुडकावेत, मोठ्यांनी तो कसा पडला असेल याचा तर्क करावा, आणि मग एवढे वजन उचलावे कसे यावर घरातल्या घरात वाद व्हावा. हत्तीचे कागदी मुखवटे वाटून हे साधणार नाही. मुखवटा घरी जातो, हत्ती मागे राहतो. आणि बहुतेक कार्यक्रम फसतात ते नेमके येथे. हाताला काम मिळते, परंतु ते काम वस्तूकडे परत नेत नाही.

कुटुंब संग्रहालयात कसे शिकते, यावर १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया व कॅम्डेन येथील चार संस्थांनी (एक विज्ञानसंग्रहालय, एक निसर्गविज्ञान संस्था, एक प्राणिसंग्रहालय व एक मत्स्यालय) मिळून अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबाला उपयुक्त ठरणाऱ्या मांडणीची सात लक्षणे त्यांनी सांगितली. मांडणीभोवती सर्व बाजूंनी उभे राहता यावे, एकाच वेळी अनेक हात चालावेत, मुलांना व मोठ्यांना ती सारख्याच सुखाने वापरता यावी, ही तीन लक्षणे शरीराच्या सोयीची आहेत. एकच ठरीव उत्तर नसावे, निरनिराळ्या पद्धतींनी शिकणाऱ्यांना वाव असावा, मजकूर थोडा व सुटसुटीत असावा, आणि विषय प्रेक्षकाच्या पूर्वानुभवाशी जुळावा, ही उरलेली चार संभाषणाच्या सोयीची. या अभ्यासाचा मथितार्थ असा की, कुटुंबाचे शिकणे मुख्यत्वे आपसांतील बोलण्यातून होते. ज्या मांडणीने बोलणे वाढते तिने शिकणे वाढते. साध्या काचपेटीपुढे मूल टाचा उंचावते व बाप वाकतो. तसे वाकून पाहण्याचे कष्ट बॉस्टनच्या बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ सालीच छायाचित्रांसह दाखवून दिले होते. त्यांचा नमुना मात्र एकटा प्रौढ पुरुष होता.

पूर्वानुभवाचे लक्षण मुंबईच्या संदर्भात अधिक विस्ताराने पाहणे अवश्य आहे. भायखळ्याच्या संग्रहालयात व्यवसाय, कारागिरी व निरनिराळ्या समाजांचे वेश दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. या संग्रहालयाभोवतीचा लालबाग-परळचा परिसर म्हणजे गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. परंतु साचेखात्यात उमेदीची वर्षे घालविलेले आजोबा अद्याप पुष्कळ घरांत आहेत. विणकराच्या प्रतिकृतीपुढे अशा आजोबांना जे सांगता येईल ते फलकावर मावणारे नाही. त्यांच्या नातवाला मात्र फलक वाचता येतो आणि आजोबांच्या बोलण्याला वाव मिळत नाही, कारण मार्गदर्शकाचे व्याख्यान सुरू असते. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्याने मार्गदर्शकाला अशा वेळी गप्प राहण्यास शिकविणे, हे मुलांच्या हाती रंग देण्याहून कठीण काम आहे. मराठी फलक हे त्याचे निम्मे साधन होय. या संग्रहालयाने जीर्णोद्धारानंतर इंग्रजीबरोबर मराठीतही फलक लावले, ते त्या दृष्टीने योग्यच झाले.

गर्दीविषयीची काळजी अगदीच निराधार नाही. शेकडो माणसांच्या श्वासाने व घामाने दालनातील आर्द्रता वाढते. कागद, कापड व रंगविलेली माती यांना ती बाधक असते, आणि मुंबईच्या दमट हवेत तर अधिकच. म्हणून हाताळण्याच्या वस्तू मूळ संग्रहातल्या नसाव्यात आणि नाजूक दालनांत थोड्याथोड्या लोकांना सोडावे. यात एलिस यांच्या शंकेला मान दिल्यासारखे होत नाही. शंका माणसांच्या लायकीविषयी होती, हा प्रश्न हवेचा आहे.

राहता राहिली तारखेची गोष्ट. १८ मे हा दिवस मुंबईला कितपत सोयीचा, याचा विचार क्वचितच होतो. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि गिरणगावातील अनेक कुटुंबे कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी गेलेली असतात. ज्या नातवासाठी आणि आजोबांसाठी हा खटाटोप, ते दोघे त्या सुमारास आंब्याच्या झाडाखाली असण्याचा संभव अधिक. उलट गावाकडून मुंबई पाहण्यास आलेले पाहुणे याच महिन्यात राणीच्या बागेत दिसतात. तेव्हा मे महिन्यातला दिवस पाहुण्यांचा समजून त्याप्रमाणे आखावा, आणि शहरातल्या कुटुंबांसाठी दिवाळीच्या सुटीतला एखादा दुसरा दिवस ठेवावा. चेन्नईत लोकांनी आपला दिवस आपणच निवडला होता.