वाकलेली पाठ, आखूड श्वास

पनवेलच्या आमच्या घरात दादी फजरनंतर तिलावत करते. गेल्या वर्षी तिचा श्वास आयतीच्या मध्येच तुटू लागला. वय झाले, म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पुढे कळले, पाठीचे पोकही त्याला कारण होते.

पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात. मणके पुढच्या बाजूने दबतात आणि पाठ गोल होते. पाठीच्या वरच्या 12 मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. त्या नीट पसरल्या नाहीत की फुप्फुसांना जागा कमी पडते.

डॉक्टरांना विचारून आम्ही तीन व्यायाम सुरू केले. भिंतीला पाठ टेकवून उभे राहायचे, हनुवटी किंचित आत घ्यायची. खुर्चीत ताठ बसून खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, 5 आकडे थांबायचे. असे 10 वेळा. मग बरगड्यांवर हात ठेवून नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ आवळून सावकाश सोडायचा.

कंबरेतून वाकून हंडा उचलणे मात्र बंद. अचानक पाठ दुखली, उंची घटली किंवा दम वाढला तर तपासणी करून घ्यावी. रुकू-सजदा झेपत नसेल, तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिलीच आहे.

दादीची पाठ सरळ झालेली नाही. पण आता ती लहान आयती एका श्वासात पूर्ण करते. भगिनींनो, आपल्या घरच्या दादी-नानीसाठी रोज दहा मिनिटे काढा.